मुल्तेचा हिवाळा

त्या डिसेंबरात इंग्विल्डच्या न्हाणीघरात रोज रात्री एक ससा झोपत असे. हामार या उत्तरेकडच्या थंड गावातल्या बहुतेक न्हाणीघरांप्रमाणे तिथलीही फरशी खालून तापवलेली होती. ऊब ही सर्व जिवांना सारखीच हितकारक असते, या गृहीतकावर ती व्यवस्था उभी होती. गृहीतक कुणी तपासले नव्हते, इंग्विल्डनेही नाही. वास्तविक तपासणी हा तिचा व्यवसाय होता. लोकांच्या घरांत ओल का धरते आणि बुरशी कुठून येते, हे शोधून देणारी ती अभियंता होती.

ससा मूळचा बाहेरचा. पाणथळ जागी पिकणाऱ्या केशरी बोरांसारखा त्याचा रंग, म्हणून तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, तुवाने, त्याला त्या बोरांचेच नाव दिले होते: मुल्ते. घरांच्या ओळीमागे सामाईक अंगण होते आणि तिथे लाकडी खुराड्यात तो राहत असे. नोव्हेंबरात पहिला बर्फ टिकला आणि गृहसंस्थेची अध्यक्ष हेर्दिस हिने कचऱ्याच्या डब्यांपाशी इंग्विल्डला गाठले.

"त्या बिचाऱ्याकडे बघवत नाही, इंग्विल्ड. तू दुलईत आणि तो बर्फात!"

"त्याला फर आहे, हेर्दिस."

"माझ्या कोटालाही आहे. म्हणून मी अंगणात झोपते की काय?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. एकाने हळहळून मान हलवली, आणि ती हळहळ इंग्विल्डला हसण्याहून जास्त लागली. त्याच संध्याकाळी तिने खुराड्याला चहूबाजूंनी जाड प्लास्टिक गुंडाळले. रात्री ससा न्हाणीघरात, सकाळी कामावर निघताना पुन्हा खुराड्यात, असा क्रम सुरू झाला. शेजारी समाधान पावले. सशाला कुणी विचारले नाही.

ख्रिसमसच्या सुमारास मुल्ते शिंकू लागला. फरशीवर त्याच्या केसांचे पुंजके दिसू लागले. दिवसभर तो खुराड्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसे. तुवाने कोबीचे पान पुढे केले तरी उठत नसे.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" हेर्दिस कुंपणावरून म्हणाली. "जानेवारीच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. अंगणात प्राणी नकोत. तोवर कुणा शेतकऱ्याला देऊन टाक त्याला."

तुवाने ते ऐकले. ससा पोटाशी धरून तिने विचारले, "आई, तो आपल्यामुळे आजारी पडलाय का?"

इंग्विल्डने आपल्या मावशीला फोन लावला.

शनिवारी गुद्रुनमावशी आली. ती निवृत्त पशुवैद्य. अख्खी हयात गोठ्यांत गेल्यामुळे मोठ्याने बोलण्याची सवय तिला कायमची जडली होती. तिने मुल्तेची छाती ऐकली, दात पाहिले, पाठीवरची फर उलटी फिरवली आणि थेट अंगणात जाऊन प्लास्टिकच्या आत हात घातला. हात ओला होऊन बाहेर आला.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"तू? लोकांच्या भिंतींतली ओल दाखवून त्यांना घाबरवतेस ती तूच ना? अगं, याच्या श्वासातली वाफ जाणार कुठून? मुताचा वास जाणार कुठून? हुंगून बघ जरा!"

इंग्विल्डने वाकून श्वास घेतला. डोळ्यांना पाणी आले. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते. कोण्या ग्राहकाच्या खिडकीवर असे थेंब दिसले असते, तर तिने त्याला अर्धा तास व्याख्यान दिले असते.

"छाती साफ आहे," मावशी म्हणाली. "शिंका या उग्र हवेच्या आहेत."

"पण मावशी, एवढ्या थंडीत त्या मुक्या जिवाला..."

"एस्किल कुठे आहे?"

एस्किल म्हणजे तुवाचा तान्हा भाऊ. "बाहेर. पायरीवर, बाबागाडीत झोपलाय."

"उणे आठ आहे बाहेर!"

"त्यात काय झालं? इथली सगळीच बाळं थंडीत बाहेर झोपतात. अंगात लोकर आहे, गाडी कोरडी आहे, वाऱ्याकडे पाठ केली आहे, शिवाय मोकळ्या हवेत मुलं छान..." इंग्विल्ड बोलता बोलता थांबली.

लोकर, कोरडी जागा, वाऱ्याला आडोसा, मोकळी हवा! स्वतःच्या मुलासाठी जे ती डोळे मिटून करत होती, त्यातले एकही सशाच्या वाट्याला आले नव्हते. त्याला मिळाली होती ती केवळ दया.

"त्याची लोकर तर त्याच्या अंगावरच उगवते," मावशीचा आवाज आता जरा उतरला. "ती दिवसाच्या उजेडावर ठरते हे खरं, पण उबेचाही त्यात हात असतो. तू रोज रात्री त्याला उन्हाळा दाखवतेस आणि रोज सकाळी हिवाळ्यात टाकतेस. शरीर गोंधळणार नाही तर काय?"

"मग आजपासून बाहेरच ठेवू?" तुवाने विचारले.

"छे! एक चूक झाली म्हणून दुसरी करायची नाही. आधी अडगळीच्या खोलीत ठेवा. तिथे हीटर नाही, वाराही नाही. लोकर भरली की एखादा सौम्य दिवस बघून बाहेर. आणि मग बाहेर म्हणजे बाहेरच. पण पेटीत बसून कोण गरम राहतं गं? तू राहशील? त्याला पळायला जागा हवी, आणि बिलगायला कुणीतरी हवं."

जानेवारीच्या सभेत हेर्दिसने ठराव वाचला. इंग्विल्ड उभी राहिली.

"हेर्दिसचं बरोबर आहे, त्याचे हाल झाले. पण ते थंडीने नाही, माझ्या प्लास्टिकने आणि न्हाणीघराने झाले. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. आपण सगळ्यांनी मिळून त्याला नीट जागा बांधू. फेब्रुवारी संपेपर्यंत तो अशक्त दिसला, तर मी स्वतः त्याला देऊन टाकीन."

तुवाने आईचा हात घट्ट धरला. पैज तिच्या सशाची होती.

"तोवर ठराव थांबवते, पण मी रोज येऊन बघणार," हेर्दिसने बजावले.

"बघच तू."

रविवारी सारी वसाहत श्रमदानाला जमली. कुणी फळ्या आणल्या, कुणी जाळी. कॉफी आणि वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावने, सर्वांनीच. झोपायची पेटी जमिनीपासून उचलून घेतली, दुहेरी भिंतींची केली आणि कोरड्या पेंढ्याने भरली. तीन बाजू वाऱ्याला बंद, वर हवेसाठी फट. पेटीतून केव्हाही बाहेर पडता यावे असे लांबलचक कुंपण घातले. त्यात बोगदे, चढायला ओंडके आणि वर अर्धे छप्पर. पेटीवरची हवेची फट राहिली आहे ना, हे इंग्विल्डने तीनदा पाहिले. पाण्याच्या बाटलीची नळी गोठते, म्हणून मातीचे जड भांडे ठेवले. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलण्याचे काम तुवाचे. मावशीने प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक राखाडी मादी आणली. तिचे नाव उल्व, म्हणजे लांडगा. अडगळीच्या खोलीत आधी जाळीआडून आणि मग समोरासमोर ओळख झाली. लांडग्याने पहिल्याच आठवड्यात मुल्तेचे कान चाटून स्वच्छ केले.

मुल्तेची फर दाट झाल्यावर दोघांना बाहेर सोडले. हेर्दिस शब्दाला जागली. रोज सकाळी झग्यावर कोट चढवून ती विजेरी घेऊन येई, पेंढ्यात हात घाली आणि नाराजीने पुटपुटे, "कोरडं आहे."

फेब्रुवारीच्या अखेरीस एके दिवशी लख्ख ऊन पडले. रात्री ताजा बर्फ झाला होता. अर्धी वसाहत कुंपणापाशी उभी होती. मुल्ते बोगद्यातून बाहेर आला, त्याने नाकाने बर्फ उडवला आणि सुसाट निघाला. उल्व मागे, मुल्ते पुढे! कोपऱ्यावर तो अचानक उंच उडाला, हवेतच अंग पिळून त्याने मागचे पाय झाडले.

"अगंबाई, झटका आला त्याला!" हेर्दिस किंचाळली.

"आनंद झालाय त्याला," मावशी गरजली. "असा आनंद तुला शेवटचा कधी झाला होता?"

मुल्तेने पुन्हा उडी घेतली. आणि पुन्हा! तुवा टाळ्या पिटत होती. हेर्दिस स्वतःच्याही नकळत हसू लागली. हसता हसता तिने कोटाच्या खिशातून कोबीचे एक पान काढले. ते पान रोजच खिशात असायचे, हे त्या दिवशी सर्वांना समजले.

"ठराव मागे घेतला," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी कुंपण अजून लांब हवं. या दोघांना हे पुरत नाही."

दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन कळवळते, हे आपल्या चांगुलपणाचे लक्षण आहे. पण कळवळ्याने निदान होत नाही. आपल्याला वाजणारी थंडी दुसऱ्यालाही वाजते असे धरून चाललो, तर आपण पांघरूण घालतो ते स्वतःच्याच अस्वस्थतेवर. ज्याच्यावर दया करायची, त्याची गरज आधी तपासून पाहावी. दयेला तेवढा अभ्यास जोडणे, हे घरात प्राणी पाळणाऱ्या आणि शेजाऱ्यांबरोबर राहणाऱ्या आपणा सर्वांचे साधे नागरी कर्तव्य आहे.