कानाच्या उंचीचे चेंडू

बाळांनो, सॉफ्टबॉलच्या मैदानावर आहात असं धरून जरा उकिडवं बसून बघा. डाव्या हातात जाड चामड्याचा ग्लोव्ह आहे, तोंडावर जाळीचा मास्क आहे आणि आत घाम नाकावरून ओघळतोय, असं समजा. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या हातून चेंडू सुटतो न सुटतो तोच पहिल्या बेसवर, म्हणजे थांब्याच्या गादीवर, उभी असलेली समोरच्या संघाची मुलगी दुसऱ्या बेसकडे धूम ठोकते. याला म्हणतात बेस चोरणं. तुम्ही कॅचर. चेंडू झेलून ताडकन उठायचं आणि तो दुसऱ्या बेसवर पोचवायचा. तिथली आपली मुलगी तो झेलून पळणारीच्या अंगाला टेकवणार. पण पळणारीचा पाय आधी पोचला, तर चोरी पचली.

एका संघात हे काम करणाऱ्या मुलीला सगळे भिंत म्हणत, कारण तिच्या मागे चेंडू जायचाच नाही. दुसरा बेस राखायची तिची मैत्रीण. ती लहानखुरी आणि चपळ, म्हणून तिचं नाव खार.

कालच्या सामन्यात तीन चोऱ्या झाल्या आणि तिन्ही पचल्या. तिन्ही वेळा भिंतीचा चेंडू सणसणत गेला, खारीने तो झेललाही, पण तिचा हात उशिरा टेकला. तिसऱ्या वेळी भिंतीचा पारा चढला.

"झोपा काढतेस का गं तिथं? मी जीव तोडून टाकते आणि तुझा हात हलत नाही!"

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. खेळाच्या बाईंनी पुढच्या डावात खारीला बाकावर बसवलं. मोठ्या स्पर्धेच्या संघाची यादी आज लागायची होती.

आज सरावाआधी भिंत आत्याला घेऊन लवकर मैदानावर आली. आत्या कपडे शिवायची; गळ्यातली टेप काढायचंही तिला भान नसे. भिंतीने तिला दुसऱ्या बेसपासून चार पावलं बाजूला उभं केलं आणि रिकाम्या बेसवर दहा चेंडू टाकले.

"कसा आहे माझा हात?"

"तोफच आहे बाई! पण तू बेसवर टाकतेस की वरच्या पाखरांवर?"

"म्हणजे?"

"सगळे चेंडू माझ्या कानाच्या उंचीवरून गेले. पळणारी पोरगी काय हवेतून येते?"

"नाही. जमिनीवरून घसरत येते."

"मग झेलणारीने हात आधी वर न्यायचा, मग खाली आणायचा. दीड हात कापड फुकट गेलं की."

भिंतीला हसू आलं नाही. ती बेसवर जाऊन खारीच्या जागी उभी राहिली. हात कानापर्यंत नेला, जमिनीपर्यंत आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. तेवढ्या वेळात कुणीही आरामात बेस गाठला असता.

"काल मी कुंपणापाशीच होते," आत्या म्हणाली. "ओरडा मात्र दुसरीलाच बसला."

भिंतीचे कान तापले. तिला आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त वाईट होती. आठवड्यापूर्वी खार हळूच म्हणाली होती, "जरा गुडघ्याच्या उंचीवर टाकशील?" आणि तिने सगळ्यांसमोर हसून उत्तर दिलं होतं, "त्यापेक्षा तूच जरा उंच हो ना!" सगळ्या खिदळल्या होत्या.

आता चेंडू खाली टाकायला शिकलं की झालं, असंही तिच्या मनात आलं. कुणाला काही कळणार नाही. आत्या काही सांगत सुटणाऱ्यातली नव्हती. पण मान वर करून आत्याकडे बघणंही तिला जड जात होतं.

इतक्यात मुली येऊ लागल्या. खारही आली. तिने खेळाचे कपडे घातले नव्हते. संघाचा शर्ट घडी करून पिशवीत आणला होता, परत द्यायला.

भिंत धावत बाईंकडे गेली. "बाई, काल खारीची चूक नव्हती. माझे चेंडू वरून जात होते. तिने मला सांगितलंही होतं."

बाईंनी हातातली यादी खाली केली. "बरं झालं बोललीस. यादी मी बघते. पण काल तू ओरडलीस ते माझ्या कानात नव्हे."

भिंतीने मागे वळून पाहिलं. खार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बाकावर बसली होती. मधे सगळा संघ पसरलेला. डोक्यावर सरकवलेला मास्क तोंडावर ओढला असता तर निदान चेहरा झाकला असता.

तिने मास्क काढून गवतावर ठेवला. मग मैदानाच्या मधून चालत निघाली आणि अर्ध्या वाटेतच, काल ओरडली होती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "खारे, काल चुकले ती मी! तुझा हात नव्हता उशिरा, माझेच चेंडू उंच होते!"