पाचव्या दिवसाचं पाकीट

अनुराधापुरात त्या दुपारी दगड तापले होते. बोधिवृक्षाच्या आवारात अनवाणी जावं लागतं. अण्णा टाचांवर तुरुतुरु चालत होते आणि स्वतःलाच हसत होते. श्रीलंकेतला आमचा चौथा दिवस.

खर्चासाठी मी सात पाकिटं केली होती, प्रत्येकावर दिवसाचा आकडा. पद्धत अण्णांचीच. शिरोलीच्या फाउंड्रीतून पगार आला की ते चार आठवड्यांची चार पाकिटं करायचे. एक संपलं म्हणून दुसरं आधी फोडायचं नाही. सातवीत माझ्या सहलीचे पैसे असेच सोमवारी फोडलेल्या नव्या पाकिटातून मिळाले. सहल शनिवारी जाऊन आली होती.

चौथं पाकीट सकाळीच संपलं. घरी राहिलेल्या आईच्या नावानं वाहायला कमळं, अण्णांच्या दोस्तांसाठी चार लाकडी हत्ती. आवाराबाहेर केशरी शहाळ्यांची गाडी उभी होती.

"दीप्ते, एक घेऊया काय? दोघांत."

"पाकीट संपलं, अण्णा. उद्या."

ते गाडीवाल्याकडं वळले. "पावणं, लेक लई कडक हाय आमची." त्याला काही कळलं नाही, तोही हसला. मग मला म्हणाले, "बरोबर हाय तुजं. नेम म्हंजे नेम."

आपल्याकडचे पन्नास रुपये झाले असते. पाचवं पाकीट माझ्या पर्समध्येच होतं.

पहाटे ते उठले नाहीत. हृदय झोपेतच थांबलं, डॉक्टर म्हणाले.

मंगळवार पेठेतल्या घरी त्यांना घेऊन आल्यापासून माणसं येतायत. आई प्रत्येकाला तेच सांगते, "लेकीनं लंका दावली. बोधिवृक्षाला डोकं टेकवून गेलं माणूस." माणसं माझ्याकडं बघून माना डोलावतात. मी कप उचलते आणि आत जाते. आत गेलं तरी ते वाक्य ऐकू येतं. आईनं त्याच्यावरच दिवस काढलेत. ते काढून घेतलं तर तिच्या हातात काय राहील?

"उरलेले पैसे दे, बदलून आणतो," प्रसेनजीत, माझा भाऊ, दोनदा म्हणाला. मी दोनदा उद्यावर ढकललं.

पुण्यानुमोदनाला, अण्णांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, गल्लीत मांडव घातला होता. फोटोपुढं मेणबत्त्या. फाउंड्रीतले गुंडूमामा अण्णांच्या फोटोकडं हात करून माईकवर म्हणाले, "भाऊसोनं जन्मभर मूठ आवळली. शेवटाला लेकीनं ती सोडवली. अशी लेक पायजे." मग माईक त्यांनी माझ्याकडं दिला.

मी कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या कागदाला लागूनच ते पाकीट होतं, न फोडलेलं. पहिल्या रांगेत आई पदर सावरून बसली होती, तेच वाक्य माझ्या तोंडून ऐकायला.

"अण्णांना तहान लागली होती," मी म्हटलं. "त्यांनी शहाळं मागितलं. माझ्याकडं पैसे होते, आई. मी दिलं नाही."