नाव घेतो की

सुमेध बारामती एमआयडीसीत राबायचा आणि रॅप रचायचा. कुणाच्या दारात न जाता स्वतःची गाणी स्वतःच काढायची, एवढंच त्याला हवं होतं.

इंदापुरात भीमजयंतीच्या स्टेजवर त्याचं ठेकेदारांना झोडपणारं पहिलंच कडवं रंगात आलं होतं, तेवढ्यात संयोजकानं माइक धरला. "थांब जरा. भाऊंनी बक्षीस दिलंय, त्यांचं नाव घे."

सुमेधच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला शब्दांचं वेड लावलं ते अप्पांनी, त्याच्या वडलांनी. अप्पा जन्मभर ह्याच स्टेजवर गायले. बक्षीस आलं की गाणं मध्येच तोडून, ते देणाऱ्याचं नाव पुकारायचे. अप्पांचं नाव मात्र कुणी कधी घेतलं नाही.

"घेतो की नाव," सुमेध म्हणाला.

पुढच्या रांगेतले भाऊ हात जोडून उभे राहिले. सुमेधनं माइक हिसकावला आणि बापाचं नाव घेतलं.