वीस फूट फीत

ही एकोणीसशे त्र्याहत्तर सालची गोष्ट. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये तेव्हा दर शनिवारी-रविवारी दुपारी तीनला जुना चित्रपट दाखवत आणि मग कुणी पाहुणा त्यावर बोले. हा सगळा खटाटोप दातांच्या डॉक्टरांचा. दवाखान्यात लोक आ वासून बसतात, उलट बोलू शकत नाहीत, याची त्यांना इतकी सवय झाली होती की पाहुण्याची ओळखच ते अर्धा तास करून देत.

यंत्र चालवायचा वहिनीचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणत. त्या जानेवारीत तिचा नवरा गेला होता. मार्चमध्ये दीर म्हणाला, "घरी भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा फिती तपासा." ती आली. घर काय आणि ग्रंथालय काय, तिला सारखंच होतं.

काम असं, की आलेली फीत हाताने गुंडाळत बोटांनी चाचपायची. कडेची भोकं फाटलेली असली की त्यावर भोकांची बारीक चिकटपट्टी लावायची. अगदीच गेलेली दोन-चार चित्रं कापायची, टोकं जोडायची आणि कापलेला तुकडा पाकिटात घालून डब्यात ठेवायचा. पण वहिनी हळूहळू जास्तच कापू लागली होती. पट्टी लावत बसायला एकेका फुटाला वीस मिनिटं लागत, कात्रीला एक क्षण. शिवाय तिने तपासलेला चित्रपट मध्येच अडकत नसे. डॉक्टर म्हणत, "वहिनींचा हात म्हणजे लोणी!" पाकिटांचं तर तिने कधीच सोडून दिलं होतं.

त्या गुरुवारी आलेला चित्रपट बावीस वर्षांपूर्वीचा होता. तिसऱ्या रिळात एक बाई कडेवर मूल घेऊन खिडकीत उभी होती. त्या प्रसंगाची सगळी वीस फूट भोकं फाटून दातेरी झाली होती. वीस फूट म्हणजे पडद्यावर अर्धं मिनिट. बाई नुसती उभीच तर आहे, असं म्हणून वहिनीने ती वीस फूट कापली, चुरगाळली आणि टाकून दिली.

शनिवारी पाहुण्या बाई तासभर आधीच आल्या. चित्रपटातली ती खिडकीतली बाई त्याच. आता केस पांढरे, गुडघे धरलेले. डॉक्टर खुर्च्या मांडायला ओरडत होते, म्हणून बाई वहिनीच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"आठ तास बस. कंबरेचा पार भुगा झाला," त्या म्हणाल्या. "भाषणबिषण मला जमत नाही हो. मी माझ्या लेकाला बघायला आलेय."

"ते इथे असतात?"

"चित्रपटात आहे. कडेवरचं मूल माझंच. आयत्या वेळी ठरवलेलं बाळ रडायला लागलं, म्हणून दिग्दर्शक म्हणाला, तुझं आण. सात महिन्यांचा होता. दीड वर्षाचा झाला आणि तापात गेला. फोटो आहेत दोन, पण हलताना कुठे नाही. इतकी वर्षं हा चित्रपट कुठे लागलाच नाही बघा."

वहिनीने ऐकलं. पोटात काहीतरी व्हायला हवं होतं, तेही तिला कळलं. काही झालं नाही. तिने बाईंचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला आणि यंत्राच्या खोलीत गेली.

"भाऊजी, तो तुकडा मी कापला."

दिराने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "वहिनी, अहो, पाकिटात ठेवायचा असतो ना! झाडणारी सोमवारी कचऱ्याचं पोतं नेते. त्यात असला तर असेल. आत्ता मात्र काही बोलू नका, डॉक्टरांना भोवळ येईल."

चित्रपट लागला. तिसऱ्या रिळात दार उघडलं आणि पुढच्याच क्षणी रस्ता आला. एवढीशी उडी कुणाच्या लक्षातही आली नाही. पहिल्या रांगेतल्या बाई तशाच ताठ बसून राहिल्या.

नंतर गप्पा झाल्या. बाईंनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. शेवटी कुणीतरी विचारलं, "तुमचा आवडता प्रसंग कोणता?"

"तो आज दिसला नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, सेन्सॉरचा दात दुखला असेल!" डॉक्टर म्हणाले. लोक हसले.

वहिनी मागच्या भिंतीपाशी उभी होती. "मी कापला," ती म्हणाली. "गुरुवारी. फाटला होता, पण दुरुस्त होण्यासारखा होता. मला कंटाळा आला." बाजार सांगावा तशा आवाजात ती बोलली.

बाई खुर्चीतून तिच्याकडे वळल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "टाकला कुठे?"

पोत्यात तेरा फूट सापडली. बाकीची कुठे गेली ते कळलं नाही. बाई डॉक्टरांच्या घरी राहिल्या. रविवारी सकाळी सातला वहिनी टेबलाशी बसली आणि एकेका भोकावर पट्टी लावत गेली. बाई शेजारी बसून होत्या.

साडेअकराला दिराने फीत उजेडात धरली. "बाई, खरं सांगतो. ही यंत्रातून एकदाच जाईल, तीही नशिबाने. त्यापेक्षा अशीच घेऊन जा. एकेक चित्र काचेवर ठेवून जन्मभर बघता येईल."

"फोटो आहेत माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "लावा."

पडदे ओढले. तेरा फूट म्हणजे बावीस सेकंद, त्यांतले सतरा दिसले. मूल आईच्या खांद्यावरून मागे वळलं, तोंडातली डावी मूठ काढली, कशाला तरी हसलं आणि परत मूठ तोंडात घालू लागलं. तेवढ्यात कर्रकर्र आवाज झाला आणि पडदा पांढरा पडला. यंत्राने फीत चावली होती.

"डावखुरा होता," बाई म्हणाल्या. "मी विसरलेच होते."

त्या दुपारच्या बसने त्या गेल्या. जाताना त्यांनी वहिनीच्या हातावर हात ठेवला. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि वहिनीनेही विचारलं नाही. घरी दिराच्या बायकोने विचारलं, "रडलात का हो?" वहिनी म्हणाली, "नाही. भात टाकू का?"

पाहुण्या बाई पुढे चार वर्षं जगल्या. दोन पत्रं आली, दोन्ही गुडघ्यांविषयी. डॉक्टरांनी तो उपक्रम टीव्ही घरोघरी येईपर्यंत रेटला आणि मग दवाखानाही मुलाला दिला. दीर एका मोठ्या थिएटरात लागला, तिथूनच निवृत्त झाला, आता कानाने अधू आहे. वहिनीने आणखी एकोणीस वर्षं, पुढे त्याच थिएटरात, फिती तपासल्या. एका वेळी दोनच चित्रं कापायची, आणि पाकिटावर तारीख घालायची. नवऱ्यासाठी ती रडली ते एकोणीसशे ऐंशी साली, एका मंगळवारी, बँकेच्या रांगेत, काहीच कारण नसताना.