भुऱ्याची खांदेमळणी

सकाळपासून सुमनबाई भुऱ्याला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरून त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती. एक उपटून करवंटीतल्या डिझेलात टाकावी तर कानामागं आणखी चार दिसत. पावसाळा सरत आला की माळावरच्या गवतातून ही जात शेळ्यांना आणि कुत्र्याला चिकटते आणि दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नाही. भुऱ्याच्या मानेला तर कणसावर दाणे भरावेत तशा गोचिड्या भरल्या होत्या.

“गप ऱ्हा की रं मुडद्या! तुझंच रगत वाचवून राह्यले ना मी?”

भुऱ्या कण्हला, पण दात लावला नाही. शेळीएवढ्या उंचीचं ते दांडगं कुत्रं, गावात पोस्टमन त्याला पाहून सायकलवरून उतरायचा. पण सुमनबाईनं कान पिळला तरी ते नुसती शेपटी हलवायचं.

शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवर, गावाबाहेर माळाला लागून तिचं अडीच एकर रान होतं आणि त्यात पत्र्याचा कोठा. नवरा लिंबाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. पोरगा नागसेन लातूरला आयटीआयमध्ये मास्तर. ‘चल माझ्याकडं’ म्हणून तो थकला, पण ही बाई अकरा शेळ्या सोडून हलायला राजी नव्हती. माळावर लांडग्यांची जोडी फिरते हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात धनगराची सात कोकरं गेली, सुमनबाईचं एक करडू गेलं नाही. भुऱ्या होता म्हणून ती एकटी बाई त्या कोठ्यात राहू शकत होती. तो नसला की शेळ्या विकून, दाराला कुलूप घालून लातूरच्या दोन खोल्यांत सुनेच्या हाताखाली जाऊन बसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या खोल्यांना अंगण नाही, आणि सुमनबाईला भिंतीकडं बघत जेवायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. म्हणजे आज खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तेलानं चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लिंबाजी गेल्यावर तिनं बैलजोडी विकली, आणि त्या वर्षी हळद-तेलाची वाटी हातात घेऊन ती रिकाम्या दावणीपुढं उभी राहिली. चोळायचं कुणाला? शेवटी भुऱ्यालाच ओढून त्याचे खांदे चोळले. गाव पोट धरून हसलं. ‘सुमनबाईचा बैल भुंकतो’ असं म्हणायला लागलं.

“हसा की,” ती म्हणाली होती. “तुमच्या बैलानं वरीसभर नांगर वढला, माझ्यानं वरीसभर जागल केली. कष्टाला कष्ट म्हणायचं का न्हाई?”

तेव्हापासून दर वर्षी भुऱ्याची खांदेमळणी ठरलेली. पण या वर्षी मानेवर बोट ठेवायला जागा नव्हती. आधी गोचिड्या घालवायला हव्या होत्या.

गेल्या साली नागसेननं लातूरहून कुत्र्याचं औषध आणलं होतं. बोटाएवढी नळी. जीभ पोचणार नाही अशा जागी, मानेवर, केस फाकून थेंब सोडले. पाणी नाही, फवारा नाही. चार दिवसांत गोचिड्या वाळून गळून पडल्या. सुमनबाईनं ते सगळं नीट डोळ्यांनी बघून ठेवलं होतं. या वर्षी नागसेनला सुट्टी नव्हती. “दसऱ्याला आणतो आई,” म्हणाला. दसऱ्यापर्यंत काय ठेवतात गोचिड्या त्याच्यात?

कोठ्याच्या फळीवर शेळ्यांच्या फवारणीची बाटली होती. अर्धी उरलेली. लिटरभर पाण्यात चार थेंब टाकून शेळ्यांना मारायचं, दुकानदारानं सांगितलेलं तिला पाठ होतं. पण ते शेळ्यांचं झालं. कुत्र्याला पाण्याबिगर, मानेवर सोडायचं असतं. गोचीड तीच, तर औषध तेच, असा तिचा सरळ हिशोब. तिनं भुऱ्याच्या मानेवरचे केस फाकले आणि बाटलीचं झाकण भरून ओतलं. गोचिड्या फार, म्हणून आणखी एक झाकण पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत सोडलं. मग खांदेमळणीची वाटी घेतली आणि करडईच्या तेलात कालवलेली हळद त्याच्यावरूनच खसाखसा चोळली. औषध सगळीकडं लागावं म्हणून जरा जास्तच चोळली.

“उद्या जेवायला ये बरं का, पाव्हण्या,” ती त्याच्या कानात म्हणाली.

तिच्या तळव्यांना चुणचुण व्हायला लागली. तिनं हात साबणानं दोनदा धुतले आणि शेळ्या सोडल्या.

तासाभरात ती माळाच्या कडेला पोचली. उघडीप पडली होती, उकाड्यानं अंगाची काहिली होत होती आणि काळ्या रानाचा चिखल पायाला शेर-शेर चिकटत होता. भुऱ्या आज पुढं पळत नव्हता. मध्येच थांबून पाठ बाभळीला घासायचा, पाय झाडायचा. हळदीनं खाजत असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग तो धुऱ्यावर, दोन रानांमधल्या बांधावर, चढता चढता बसला. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. मागचे पाय थडथडले, मग सगळं अंगच, आणि तो कुशीवर पडून हवेत पळू लागला.

“भुऱ्या! आरं भुऱ्या, काय झालं रं?”

तो धुरा तिचा आणि रत्नम्माचा. पलीकडं गुरुपादप्पाचं रान. रत्नम्मा त्याची बायको, सुमनबाईपेक्षा चार वर्षांनी मोठी. पंचवीस वर्षं दोघींनी एकमेकींच्या विहिरीचं पाणी प्यायलं, रत्नम्माच्या घरी सणाला केलेली पोळी धुऱ्यावरून इकडं यायची आणि इकडची हरभऱ्याची भाजी तिकडं जायची. पण आठ दिवसांमागं भुऱ्यानं रत्नम्माच्या देवणी कालवडीला पळवलं, ती ओघळीत पडून लंगडी झाली, आणि रत्नम्मा धुऱ्यावर उभी राहून सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली होती, “आवर तुझ्या कुत्र्याला सुमे! न्हाईतर एक दिस मीच त्याला कायमचं गप करीन!”

आता सुमनबाईला ते आठवलं, आणि त्याच वेळी धुऱ्यावर पडलेला भाकरीचा तुकडा दिसला. बस्स. पुढचं काही तिला दिसेना.

“विष घातलीस गं रत्नाक्का! माझ्या मुक्या जित्राबाला विष घातलीस! तुझं वाटोळं व्हईल!”

सोयाबीनमधलं तण काढणाऱ्या बाया धावत आल्या. रस्त्यानं चाललेला आनंदराज मोटारसायकल टाकून आला. तो सुमनबाईच्याच भावकीतला, पंचायतीचा सदस्य, दर दहा मिनिटांनी मोबाइल काढणारा. त्यानं मोबाइल काढला.

“बोला मावशी, काय झालं ते समदं बोला. इकडं बघून बोला.”

सुमनबाई बोलली. रत्नम्मानं काय धमकी दिली, भाकर कुठं पडली, सगळं. रडत, छाती बडवत बोलली.

तेवढ्यात पलीकडून रत्नम्मा आली. मागं तिची सून वर्षाराणी, हातात पाण्यानं भरलेली बादली. रत्नम्मा धापा टाकत भुऱ्याजवळ वाकली आणि तिनं नाक आक्रसलं.

“आगं, ह्याच्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास येऊन राह्यलाय. माझ्या ढोरास्नी बी तेच मारताव आमी. काय लावलीस ह्याला? धू आधी! साबण लावून धू!”

“हात लावू नगंस त्याला!” सुमनबाईनं तिला दोन्ही हातांनी ढकललं. “आधी विष घातलीस आन् आता पाणी वतून गुन्हा धुतीस व्हय?”

“सुमे, खुळी झालीस का? मी कशाला विष घालू?”

“काकू, मागं सरा,” आनंदराज मोबाइल तिच्याकडं वळवून म्हणाला. “पंचनामा होईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई.”

रत्नम्माचं तोंड उतरलं. तिनं सुनेच्या हातातली बादली घेऊन भुऱ्याच्या डोक्याशी ठेवली. “मी न्हाई लावत हात. तू तरी धू,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून माघारी गेली. बादली तिथंच राहिली, काठोकाठ भरलेली.

विष उतरायला दूध-तूप पाजायचं हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. एका बाईनं दूध आणलं, दुसरीनं तूप. चौघांनी जबडा फाकून भुऱ्याच्या घशात ओतलं. निम्मं नाकातून बाहेर आलं. कुणीतरी शिरूरला ढोरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मंजुश्री मॅडम देवणीच्या बाजूला एका अडलेल्या गाईपाशी होत्या. “मी निघतेच. काही पाजू नका. कशानं झालं?” त्यांनी विचारलं, आणि सुमनबाईनं फोन हिसकून सांगितलं, “भाकरीतून विष घातलं जी!” औषधाचं तिच्या डोक्यातही आलं नाही. औषध आपण आपल्या हातानं लावलेलं, मायेनं लावलेलं. त्याला विष कोण म्हणणार?

मॅडमना यायला दोन तास लागले. तोवर भुऱ्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. दर पाच मिनिटांनी झटका येई, तो उतरला की डोळे सुमनबाईला शोधत. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन, पदरानं वारा घालत बसली होती.

मॅडमनी स्कूटरवरून उतरल्या उतरल्या सुई टोचली. मग मोज्यातला हात मानेवरून फिरवला आणि नाकाशी नेला.

“हे काय लावलंय मावशी?”

“हळद-तेल. खांदेमळणी...”

“हळदीच्या खाली काय आहे?”

सुमनबाईनं मांडीवरचं भुऱ्याचं डोकं सावरलं. मग हळूहळू सांगायला लागली. नळी, बाटली, झाकण, दुसरं झाकण. भोवतीच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. आनंदराजचा मोबाइल खिशात गेला.

“पाण्यात थेंब टाकून मारायचं ते नुसतं झाकण-झाकण ओतलं तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यानंच जास्त लागलं. “कुत्र्याची नळी वेगळी असते, त्यातलं औषध वेगळं, मापही त्याच्या वजनाचं असतं. आणि वर तेल चोळलंत. त्यानं ते आणखी आत गेलं. पाणी द्या, पाणी! साबण कुणाकडं आहे का? अजून कुणी धुतलं कसं नाही ह्याला?”

त्यांनी तीच बादली ओढली, रत्नम्मानं ठेवलेली, आणि त्या व सुमनबाई मिळून भुऱ्याला धुवायला लागल्या. हळदीचं पिवळं पाणी चिखलात पसरलं. दुसरी बादली यायच्या आत भुऱ्यानं पाय ताणले आणि सैल सोडले.

“सुरवातीलाच धुतलं असतं तर?” सुमनबाईनं विचारलं.

मॅडम मोजे काढत होत्या. “वाचलाच असता असं नाही सांगता येत. पण वाचायची आशा होती, मावशी.”

सुमनबाईनं भुऱ्याला धुऱ्याच्या आपल्या बाजूला, बाभळीखाली पुरला. खड्डा तिनंच खणला. त्या रात्री तिनं शेळ्या कोठ्यात आपल्या बाजेभोवती बांधल्या आणि दाराला आडणा घातला.

सकाळी पोळा. दुपारी सगळी बैलं सजवून वेशीत उभी, झुली, गोंडे, बाशिंगं, हलग्यांचा कडकडाट. सुमनबाई गर्दीतून वाट काढत मधोमध गेली आणि हलगीवाल्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “जरा थांब बाबा.”

मग तिनं सांगितलं. भुऱ्याला कुणी विष घातलं नाही. शेळ्यांचं औषध मीच लावलं, मीच मारलं. रत्नाक्कानं पाणी आणलं तर मी तिला ढकललं. तिच्यावर खोटा आळ घेतला, तो मी समद्यांपुढं परत घेते. तिनं भर वेशीत रत्नम्माच्या घराच्या दिशेनं हात जोडले.

लोकांनी ऐकून घेतलं आणि क्षणभरानं ते कुजबुजायला लागले. “रातोरात कुणी दम दिला असंल.” “एकली बाई, धुऱ्याला धुरा लागून. काय करंल? घेतलं माघारी.” “भाकर व्हती म्हणं ना तिथं?” सुमनबाईला सगळं ऐकू येत होतं.

तिनं आनंदराजला गाठलं. “कालचं टाकलास ना मोबाइलवर? आता हे बी टाक. काढ मोबाइल, मी बोलते.”

“मावशी, ते आता तालुकाभर गेलं. निलंग्याहून माझ्या साडूचा फोन आला, का बाईला न्याय द्या म्हून.” त्यानं इकडंतिकडं पाहिलं. “आन् आता आपूनच खोटं व्हतं म्हणल्यावर उद्या आपल्या समाजातल्या बाईवर खरंच येळ आली तर कोण इस्वास ठेवील? तुमी भिऊ नगा. मी हाय.”

“मी कुणाला भिऊन न्हाई बोलून राह्यले, आनंदा!”

“मला समजतंय की,” तो मायेनं म्हणाला आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

दिवस कलायच्या आधी ती धुरा ओलांडून गुरुपादप्पाच्या कोठ्यावर गेली. रत्नम्मा लंगड्या कालवडीचा पाय शेकत बसली होती. तिनं मान वर केली नाही. सुमनबाई तिच्यापुढं चिखलातच बसली आणि तिचे पाय धरले.

“रत्नाक्का, मला चार शिव्या दे. पर बोल.”

“कशाच्या शिव्या देऊ?” रत्नम्मानं पाय काढून घेतले, पण रागानं नाही. “वेशीत बोललीस ते कळालं मला. खरं बोललीस. तुझ्या मनातलं किल्मिष गेलं, चांगलं झालं.”

“मग झालं की. बाकीचं गाव गेलं उडत.”

रत्नम्मानं फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं, कालवडीच्या गुडघ्यावर ठेवलं.

“वर्षाराणीनं स्वताच्या हातानं बादली भरली व्हती काल. माझ्या मागं मागं पळत आली व्हती. आज पुरणाचा नैवेद्य काढताना इचारली मला. म्हणली, आत्याबाई, रागवू नका, पर घरातल्या घरात खरं सांगा. तुमी न्हाई ना घातलं?”

सुमनबाई तशीच चिखलात बसून राहिली. कालवडीनं पाय ओढून घेतला आणि रत्नम्मानं तो पुन्हा हळूच पुढं घेतला.

“जा सुमे,” ती म्हणाली. “दिवस बुडायच्या आत शेळ्या बांधून घे. माळावरनं येत्यात ती दोगं.”