बावीस दाणे

भिकुमावशीचं ऑपरेशन मंगळवारी होतं. डॉक्टरांनी वहीच्या मागच्या पानावर गळ्याचं चित्र काढून मला समजावलं होतं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मावशीला मी एवढंच सांगितलं, "नंतर बोलता येणार नाही."

"आनि गानं?" तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. ती हसली. "मंग तर बरं. गावमा भलती शांतता व्हई जाई."

मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मी चार महिन्यांची असताना माझ्या आईने, ताईबाईने, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर माझ्यावर एक कडवं रचलं होतं. पुढच्या वर्षी आई गेली. ते कडवं आता फक्त मावशीला येतं. ते मी लहानपणी ऐकलं असणार, पण त्यातला एकही शब्द मला आठवत नाही. आईचा फोटो आहे, साडी आहे, पण तिचं बोलणं असं काही नाही.

"नुसते शब्द सांग," मी महिनाभर तिच्या मागे लागले होते.

"शब्द कोठे येतंस माले? गानं सुरू करं का येतंस. पह्यलेथून शेवटलोंग. मधमाथून उचलता नही येत."

"मग माझ्यासमोर गा."

"एकलीना पुढे गानं म्हंजे रडनं शे, वृषू. झील कोन धरी?"

मागून झील धरणाऱ्या, ध्रुवपद उचलणाऱ्या बायका आता उरल्या नव्हत्या. कोणी सुरतेला मुलाकडे होत्या, कोणी वारल्या होत्या. शिवाय ही झोक्यावरची गाणी गवराईची; चैत्रात टोपलीत गवराई, म्हणजे गौर, बसल्यावरच ती म्हणायची, हा तिचा नियम. गवराई शुक्रवारी बसली. शनिवारी मावशी दवाखान्याच्या तपासणीतून परत येणार होती. सोमवारी दाखल व्हायचं होतं, म्हणून मध्ये फक्त रविवार होता.

मी जळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते आणि एका सायकल गटात आहे. चैत्रात आमचा बेत ठरलेला असतो: दर रविवारी एक गाव, एक गाणं. पहाटे साडेपाचला निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, गावातलं कोणी गाणारं असेल त्याचं ऐकायचं, परत यायचं. गट चालवणारा प्रशील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहे. एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमांना ढोलकी वाजवतो, आणि सायकलच्या कॅरिअरला ती ढोलकी रबराने बांधून आणतो. मी त्याला फोन केला.

"झील धरायला माणसं हवीत. जितकी येतील तितकी."

"तुम्हाला धरून बावीस होतील ताई," तो म्हणाला. "बेसूर चालतील ना?"

माझी चूक तिथे झाली.

मावशीचं गाव एकतीस किलोमीटर. गिरणेच्या पुलावर वारा समोरून होता. केळीच्या बागा संपल्या, उपटलेल्या कपाशीची शेतं लागली. प्रेमराज नावाचा दातांचा डॉक्टर सगळ्यांत मागे होता आणि दर वळणावर ओरडत होता, "अरे, गाणं मावशी म्हणणार आहे का माझा गुडघा?" सव्वासातला पोचलो. मावशीच्या दारातला कडुनिंब फुललेला होता. झोका बांधून तयार होता. शेजारी टोपलीत गवराई.

मावशीने आम्हाला पाहिलं आणि चेहरा उजळला. "इतला पाव्हना!"

तिने पहिल्यांदा सगळ्यांचे फोन सुपात जमा करून घेतले. "हातमा फोन धरीसन टाळ्या कशा वाजाडशात?" माझं ध्वनिमुद्रण यंत्र तेवढं तिने चालू दिलं, कारण ते झोक्याखाली ठेवायचं होतं, हातात नाही. मग तिने एकेकाला नाव विचारलं. प्रत्येक नावाला ज्वारीचा एक दाणा पदरात टाकला. "प्रेमराज." "प्रशील." "सपना." "पियुष." शेवटी माझं.

तेव्हा मला आठवलं.

आमच्या गावची रीत अशी की गाणं ऐकायला आलेल्या प्रत्येकाचं नाव गाण्यात गुंफल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक नाव, एक कडवं, एक दाणा गवराईच्या टोपलीत. माहेरवाशीण सर्वांत शेवटी. आणि तिच्या नावानंतरच तिच्या आईचं कडवं. लहानपणी तिथे सात-आठ बायका असत. आज मला धरून आम्ही बावीस होतो.

मावशीचा आवाज सलग किती टिकतो हे मी आधीच मोजलं होतं. अकरा मिनिटं. त्यानंतर फक्त हवा.

मावशी झोक्यावर बसली. प्रशीलने थाप दिली.

*झोका बांधा निंबले, निंब फुलना दारले,*
*प्रेमराज भाऊ उना, सायकलवर बसीसनी...*

सगळे हसले, टाळ्या पडल्या, झील उठली: *माय गवराई, निंब फुलना दारले.* आवाज घोगरा होता, पण सूर पक्का होता. एक दाणा टोपलीत गेला. मी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद. बावीस गुणिले चाळीस, आठशे ऐंशी. पावणेपंधरा मिनिटं, आणि त्यावर आईचं कडवं.

पाचव्या नावाला मी प्रशीलच्या कानाशी गेले. "थोड्यांना बाहेर ने. काहीही कारण सांग."

थाप न चुकवता तो म्हणाला, "नावं घेऊन झालीत ताई. दाणे तिच्या पदरात आहेत. आम्ही गेलो तरी ती गाणारच."

नवव्या नावाला मी झोक्याजवळ गेले. "मावशी, बाकीची नावं सोड. माझं घे." तिने मान हलवली आणि गात राहिली. प्रत्येकासाठी ती नवं काहीतरी जुळवत होती. सपनाच्या हेल्मेटला तिने टोपलं म्हटलं. एकही माणूस तिने नुसता उरकला नाही.

तेराव्या नावाला तिचा सूर पहिल्यांदा फाटला. तिने थुंकी गिळली, त्याचा तिला किती त्रास झाला ते मला दिसलं. पदरात नऊ दाणे होते. मी खाली वाकले आणि त्यातले काही मुठीत उचलले.

तिने माझं मनगट पकडलं. गाणं थांबवलं नाही. इतक्या जोरात पकडलं की बोटं आपोआप उघडली. दाणे पुन्हा पदरात पडले. सगळे बघत होते. प्रेमराजने नजर वळवली. टाळ्या चालू राहिल्या, कारण थांबवायच्या कशा हे कुणालाच कळेना.

सोळाव्या नावावर आवाज गेला. *पियुष* एवढं आलं, आणि मग फक्त श्वास.

झील थांबली. मावशीने हाताने खूण केली: म्हणा. प्रशीलने थाप धरली. तिचे ओठ हलले, दाणा टोपलीत गेला, आणि सगळ्यांनी झील उचलली. पुन्हा ओठ, पुन्हा दाणा, पुन्हा झील. पियुषनंतरची सहा नावं ती अशी गायली. सूर तिच्या मानेच्या शिरांमध्ये दिसत होता. बाविसाव्या दाण्याला तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांवर माझं नाव मला ओळखू आलं.

मग ती आईचं कडवं गायली.

मी गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. 'पोर' असावं, किंवा 'भोर'. ओठ दोन्हींना तसेच मिटतात. एकदा जीभ टाळूला लागली. पुढचं इतकं भराभर गेलं की मी आधीचंही विसरले. फोन सगळे सुपात होते. यंत्र झोक्याखाली ऐकत होतं, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

झोका थांबल्यावर तिने माझे डोळे पुसले. तिला वाटलं मला ते मिळालं.

तिला लिहिता येत नाही. सोमवारी, मला शब्द कळले नाहीत हे सांगितल्यावर, तिने पुन्हा प्रयत्न केला, मी पाण्याचा ग्लास धरून होते. पहिल्या ओळीलाच रक्त आलं. मी तिला थांबवलं. मंगळवारी ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.

ध्वनिमुद्रण मी संगणकावर उघडलं. सोळा नावं स्वच्छ आहेत. त्यापुढे ढोलकी, टाळ्या, झील, आणि झिलीच्या मधल्या मोकळ्या जागा. सहा जागा जवळजवळ सारख्याच आहेत. सातवी मोठी आहे, एक मिनिट तीन सेकंद. आवाज पूर्ण वाढवला तर तिथे श्वास ऐकू येतो, दोरीचा कुरकुर आवाज, आणि मध्येच मी. "मावशी, मोठ्याने," असं मी म्हणते आहे.