तार सुटता कामा नये

शुक्रवारी दुपारी धूर-तपासणीवाल्या येरवंदनं माझी जीप तिसऱ्यांदा परत पाठवली, तेव्हा मी त्याच्या काउंटरवर असा हात आपटला की त्याची पेनं खाली पडली.

"चारही तपासण्या अपूर्ण, देओलिंदा," तो म्हणाला. "मंगळवारी होत्या तशाच. तू गाडी चालवतेस की नुसती पुसून ठेवतेस?"

"दोन दिवस महामार्गावर पेट्रोल जाळलंय मी! तू सांगितलंस तसंच. तुझं मशीनच आंधळं असेल."

मशीन आंधळं नव्हतं, हे मलाही कळत होतं. नुसता धूर हुंगून भागलं असतं तर माझी जीप कधीच पास झाली असती. पण गाडीतला संगणक चालता चालता आपल्या धुराच्या यंत्रणेची स्वतःच परीक्षा घेत असतो, आणि ती पुरी झाल्याशिवाय येरवंदला गाडी पास करता येत नाही. त्यासाठी गाडी रात्रभर थंड पडायला हवी. मग पंचावन्न मैलांच्या वेगावर काटा न हलवता दहा-पंधरा मिनिटं, मग ब्रेकला पाय न लावता वेग आपोआप उतरू द्यायचा, असं दोन-तीनदा. टपाल वाटताना हे कुठून व्हायचं? मी दर शंभर पावलांवर थांबते.

सोमवारी सकाळी सात वाजता मला टपाल कचेरीत गाडीचे चालू कागद दाखवायचे होते. अकरा वर्षं मी बदलीवरची टपालवाली. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं की बोलवा देओलिंदाला. आता आर्लीन निवृत्त झाली होती आणि तिचा मार्ग, बावन्न मैल आणि चारशे टपालपेट्या, कायमचा माझा होणार होता. आमच्याकडे गावाबाहेरचं टपाल स्वतःच्या गाडीतून वाटायचं असतं. कागद नसतील तर मार्ग यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि तो पुढचा माणूस कचेरीच्या दारात दात काढून उभाच होता.

येरवंद बाहेर आला, जीपमध्ये डोकावला. मग म्हणाला, "हे घड्याळ चुकीचं का दाखवतंय?"

"ते नेहमीच चुकीचं दाखवतं. मी मनगटावरचं बघते."

"रोज रात्री कोण बॅटरी काढतं, देओलिंदा?"

मी म्हणणार होते, कुणी नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले, हातात दहा नंबरचा पाना घेऊन.

"तार काढली की संगणक सगळं विसरतो," येरवंद म्हणाला. "दिवसभराची मेहनत रात्री पाण्यात. उद्या मी एक वाजता बंद करतो. एक संधी आहे तुला."

घरी आले तेव्हा बाबा वाटाणे सोलत होते. माझे बाबा, हर्मिनियो, समुद्रापलीकडच्या एका बेटावरून इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या तुलारेच्या गोठ्यांत गाईंच्या धारा काढल्या. मी पिशवी टाकली आणि सुरू झाले.

"तुम्ही रोज रात्री माझ्या जीपची तार काढता?"

"काढतो की," ते म्हणाले, अगदी सहज. "बॅटरी उतरत नाही त्यानं. सकाळी लावतो परत. गोठ्यावर ट्रॅक्टरची काढायचो, नाही काढली तर पहाटे मालकाच्या शिव्या कोण खाणार?"

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं वाटोळं केलंत तुम्ही! अकरा वर्षं वाट बघितली मी या मार्गाची, आणि तुम्ही एका पान्यानं—"

बोलू नये ते सगळं बोलले. म्हातारपणी माणसानं हात स्वस्थ ठेवावेत, असंही म्हणाले. बाबांनी सोललेले वाटाणे माझ्यासमोर सरकवले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती, पण मी रागानं नुसती धुमसत होते.

शनिवारी सकाळी बाहेर बघते तो काय, धुकं! आमचं हिवाळ्यातलं धुकं म्हणजे समोरचं बदामाचं झाडसुद्धा दिसत नाही. जीपची तार रात्रभर जागेवर होती. किल्ली फिरवली तर इंजिन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं आणि कसंबसं सुरू झालं. बाबा न विचारता डावीकडच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर गोड पावाची पुडी घेऊन.

"तुम्ही कशाला?"

"धुक्यात चार डोळे लागतात," ते म्हणाले.

आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. आम्ही पेट्रोल पंपाच्या आडोशाला इंजिन चालू ठेवून बसलो. त्या धुक्यात पंचावन्नचा वेग म्हणजे आपल्याच मयताला वेळेवर पोहोचण्यासारखं. मी दर दोन मिनिटांनी मनगट बघत होते. बाबा पाव मोडून माझ्या हातात ठेवत होते आणि मी तो न बघता खात होते. पावणेअकराला धुकं जरा विरलं आणि कालव्याचा पूल दिसायला लागला.

"चल," बाबा म्हणाले.

मी गेले. काटा पंचावन्नवर आणला आणि पाय जणू गोठवून ठेवला. दोन्ही बाजूंना पांढरी भिंत, मध्ये शंभर-दीडशे हात रस्ता. बाबा पुढे वाकून काचेला नाक लावून सांगत होते. "मोकळं. मोकळं. उजवीकडे ट्रॅक्टर, शेतात आहे, घाबरू नको. मोकळं." माझ्या पोटरीत गोळा आला. कुणीतरी मागून येऊन हॉर्न वाजवत पुढे गेलं आणि बाबांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मी पाय उचलला, वेग उतरू दिला. पुन्हा पंचावन्न. पुन्हा उतार. तिसऱ्या फेरीला एक दुधाचा टँकर अचानक वाटेत उगवला. बाबा ओरडले, "थांबव!" मी ब्रेक दाबला आणि ती फेरी गेली. मग गाडी वळवून पुन्हा पहिल्यापासून.

एकला बारा मिनिटं कमी असताना येरवंदच्या शेडमध्ये शिरले.

"बंद कर इंजिन," तो म्हणाला. "बंद करूनच माझ्या मशीनची वायर लावावी लागते."

मी किल्ली फिरवली. काट्यांमागचे दिवे एकदम मंदावले, पुन्हा उजळले, पुन्हा थरथरले. बाबा उतरलेच. त्यांनी बॉनेट उघडलं आणि शेडमध्ये ऐकू जाईल असा श्वास घेतला.

"बॅटरीवरची तारेची पट्टी ढिली झालीय," ते म्हणाले. "रोज काढून-घालून आटे गेलेत. इंजिन चालू होतं तोवर निभावलं. आता सुटली तर..."

सुटली तर सगळं कोरं. मी येरवंदकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात वर केले. "ही फक्त तपासणीची जागा आहे. मी पान्याला हात लावला तर माझा परवाना जाईल. आणि तुम्ही आवळायला गेलात, पट्टी जराशी उचलली गेली, तर संपलंच."

बाबांनी बाही वर सारली. उजवा तळवा तारेच्या पट्टीवर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. दिवे स्थिर झाले.

"लाव तुझी वायर," ते येरवंदला म्हणाले.

मी आत किल्लीशी बसले होते. किल्ली पुढे कर, येरवंद म्हणाला, केली. सुरू कर, म्हणाला, केलं. बॉनेटच्या फटीतून मला बाबांचा कोपर दिसत होता, ताठ रोवलेला. इंजिन तापलेलं, पंखा वीतभर अंतरावर. पुन्हा बंद कर. पुन्हा चालू. मला कुठला देवही आठवेना, मी नुसतं "बाबा, बाबा" म्हणत होते. येरवंद पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मग प्रिंटर किरकिरला.

"पेट्रोलच्या टाकीतल्या वाफेची तपासणी राहिलीय," तो म्हणाला. "ती एक राहिली तर चालते. बाकी तिन्ही पूर्ण. पास."

मी कागद हिसकावून घेतला. माझं नाव, गाडीचा नंबर, पास. मी हसले, येरवंदच्या पाठीत धपाटा घातला, कागद दोनदा वाचला. येरवंदनं दाराची पाटी उलटी केली. मग माझ्या लक्षात आलं की बाबा अजून बॉनेटखाली वाकलेलेच आहेत.

"बाबा, झालं. सोडा आता."

"तू नीट वाचलंस? नक्की?"

"कागद हातात आहे माझ्या. सोडा ना."

"सोडलं असतं गं," ते खाली मान घालून म्हणाले. "हात उघडत नाहीये. तूच काढ."

मी त्यांचं एकेक बोट सरळ केलं. तळव्यात पट्टीचा चौकोन खोल उमटला होता आणि कडेनं कातडी भाजून लाल झाली होती. ह्याच हातांना मी काल काय काय बोलले होते. मी तिथेच, येरवंदच्या देखत, तो हात तोंडाशी धरून रडले.